मागची बाजू इंचभर उंच

बाळाचा लोकरीचा कपडा हातात घेतला की आपण आधी रंग बघतो, मग नक्षी. छातीवर ससा असला तर बघायलाच नको. हा रॉम्पर मी आधी उलटा केला.

गळ्यापासून घोट्यापर्यंत सलग, कुठेही शिवण नाही. नगरच्या केडगावात राहणाऱ्या आणि सगळ्या गल्लीच्या काकू असलेल्या एका बाईंनी तो नातवासाठी विणला. (केडगाव म्हटलं की पुष्कळांना पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आठवतं. ते केडगाव दौंडजवळचं, पुणे जिल्ह्यातलं. हे रेणुकामातेचं, नगर शहराला पुणे रस्त्यानं चिकटलेलं.) रंग फिका लिंबाचा, मनगटाला आणि घोट्याला राखाडी पट्टी. नक्षी जवळजवळ नाहीच. सगळी हुशारी खर्च झाली आहे ती बाळाला जागा करून देण्यात, आणि ती जागा नेमकी कुठे लागते हे ओळखण्यात.

विणकामाची पुस्तकं बहुतेकदा बाळ उताणं, हातपाय पसरून पडलेलं धरून चालतात. सहा महिन्यांचं पोर असं किती वेळ पडतं? ते पाय पोटाशी घेतं, अंगठा तोंडात घालतं, पालथं होऊन ढुंगण वर करतं. अशा वेळी सरळसोट विणलेल्या कपड्याची पाठ वर ओढली जाते, गळा काचतो आणि कमरेपाशी पोराची पाठ उघडी पडते. त्यातून आत लंगोट किंवा डायपरचा फुगवटा. काकूंनी याचा बंदोबस्त केला आहे तो बघण्यासारखा आहे. चार प्लायची बेबी वूल, पट्ट्यांना १२ नंबरची सुई, अंगाला १० नंबरची. (नंबर वाढला की सुई बारीक होते, हे नवशिक्याला हमखास फसवतं.) दोन पाय वेगवेगळे विणले. प्रत्येकी ४४ टाक्यांवर सुरुवात, वाढवत वाढवत ६४. मग दोन्ही पाय एका गोल सुईवर घेतले आणि मध्ये पुढे ८, मागे ८ असे नवे टाके घातले. झाले १४४. त्या आठ-आठ टाक्यांनी दोन पायांच्या मध्ये एक रुंद पट्टी तयार होते. ती नसती तर पोरानं पाय फाकले की सगळा ताण एका बिंदूवर आला असता आणि लोकर तिथंच उसवली असती.

खरी करामत त्याच्या वर आहे. मागच्या ७२ टाक्यांवर काकू पूर्ण ओळ विणत नाहीत. कडेचे सहा टाके सोडून परत फिरतात, दुसऱ्या कडेलाही सहा सोडून फिरतात, पुढच्या खेपेला आणखी सहा-सहा. अशा पाच फेऱ्या. पुढची बाजू आहे तिथंच राहते, मागची तेवढी इंचभर उंच होते, आणि पार्श्वभागाला आपोआप झोळी येते. अर्ध्यातून परत फिरलं की त्या जागी भोक पडतं, हे विणणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. मी रॉम्पर खिडकीच्या उजेडात धरून वळणाच्या जागा शोधल्या. भोक नाही. परतताना शेजारच्या टाक्याच्या गळ्यात धागा गुंडाळून घेतला आहे, आणि पुढच्या पूर्ण फेरीत तो वेढा टाक्याबरोबर विणून टाकला आहे. बोट फिरवलं तरच एक बारीक कणी लागते.

एलिझाबेथ झिमरमन या बाईंचं १९६८ सालचं एक बाळाचं जाकीट विणकाम करणाऱ्या जगात फार गाजलं. सुईवरून उतरतं तेव्हा ते एक वेडंवाकडं फडकं दिसतं, मग दोन घड्या घालायच्या, खांदे शिवायचे, की झालं जाकीट. बघणारा थक्क होतो. त्या बाईंच्या बुद्धीला माझा नमस्कार आहे. पण काकूंचा इंचभर चढ बघून कुणी थक्क होत नाही, कारण तो दिसतच नाही. मला तो जास्त आवडला.

आतली बाजू बघा. राखाडी पट्टी संपून लिंबाचा रंग सुरू होतो तिथली टोकं ओळीओळीनं आत ओवली आहेत. दोन रंगांची नक्षी केली असती तर आत धाग्यांचे आडवे फाटे लोंबले असते आणि त्यांत बाळाची बोटं अडकली असती. नक्षी का नाही, त्याचं उत्तर इथं आहे. बटनं पायांच्या आतल्या कडेनं, घोट्यापासून घोट्यापर्यंत, आणि दोन डाव्या खांद्यावर. पाठीवर एकही नाही, कारण पोर पाठीवर झोपतं.

नगरची थंडी कोरडी. पौषात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि दुपारी अठ्ठावीसवर जातो. म्हणून पहाटे घातलेला कपडा दहा-साडेदहाला काढता आला पाहिजे, तोही झोपलेल्या पोराला न उठवता. आतून मलमलचं झबलं हवंच, कारण ही लोकर मुळात लोकर नव्हे. ॲक्रिलिक आहे, ते घाम शोषत नाही.

जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचं नाव आहे, चौंडीच्या धनगर घराण्यातली ती लेक, आणि माळरानावर अजून दख्खनी मेंढरं चरतात. पण त्यांची लोकर घोंगडीची. चिंचोक्याची खळ खाऊन ताठ उभी राहणारी, पावसाला दाद न देणारी, आणि तान्ह्या कातडीला काट्यासारखी बोचणारी. तेव्हा केडगावच्या बाळाची ऊब कापड बाजारातल्या लडीतूनच येते. ती बादलीत धुता येते, आटत नाही. इस्त्री लागली की मात्र मरते. आणखी एक, हे लडीच्या वेष्टनावर कुणी लिहीत नाही: ॲक्रिलिक आगीजवळ वितळतं आणि कातडीला चिकटतं. ज्या घरात बाळाला अजून शेक-धुरी देतात तिथं शेगडी आणायच्या आधी हा कपडा उतरवलाच पाहिजे. काकू तो उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवतात.

माप कसं धरलं, तेही ऐकण्याजोगं. मूल जन्मायच्या आधी सुया हातात घ्यायच्या नाहीत हा त्यांच्या घरचा रिवाज, आणि बारशापर्यंत अंगावर नवं घालायचं नाही. पोर ज्येष्ठात झालं. म्हणजे विणायला घेतलं ते मूठभर पोर समोर ठेवून, आणि बेतायचं होतं थंडीतल्या गुटगुटीत पोराला. बाह्या म्हणून खांद्याकडून मनगटाकडे विणल्या आहेत. हात लांबला की मनगटाचे बंद केलेले टाके उसवायचे, चार बोटं आणखी विणायचं.

इथं माझी तक्रार. पाय मात्र घोट्याकडून वर विणले आहेत, आणि सुरुवातीच्या टाक्यांकडून उसवणं म्हणजे कपाळमोक्ष. लांबतात ते पायच आधी. काकूंनी घोट्याची एक सुलट एक उलट पट्टी दुप्पट लांब करून दुमडून ठेवली आहे, ती उलगडली की दोन इंच मिळतात. पण हा तोडगा झाला, बाहीसारखं उत्तर नव्हे. शिवाय दुमडीत भाताची शितं जाऊन बसतात ती वेगळीच.

दुसरी तक्रार गळ्याची. या वयात पोराचं डोकं अंगाच्या मानानं मोठं, आणि गळ्याचे टाके बंद करताना काकूंचा हात नेहमीप्रमाणे आवळला आहे. खांद्यावर दोन बटनं पुरत नाहीत, तिसरं हवं होतं, असं मी बोलून दाखवलं.

"अगं, सतरा टाक्यांचा खांदा त्याचा," काकू म्हणाल्या, "तिसरं बटन काय कानाला लावू?"