मरियानं गाळलेलं कडवं

जेम्स जॉइसच्या ‘डब्लिनर्स’ (१९१४) या संग्रहातल्या स्त्रियांविषयी बोलताना बहुतेकजण त्याच नावाच्या कथेतल्या एव्हलिनचं नाव घेतात. मला त्यातली सर्वांत धारदार कथा वाटते ती ‘क्ले’, म्हणजे माती. एका लाँड्रीच्या स्वयंपाकघरात काम करणारी, उतारवयाला लागलेली अविवाहित मरिया हॅलोवीनच्या संध्याकाळी रजा घेऊन जोच्या घरी जाते, पोरांबरोबर खेळते, गाणं म्हणते. घडतं ते एवढंच.

या जोला तिनंच लहानाचा मोठा केला. खरी आई मरियाच, असं तो म्हणायचा. पण घर मोडल्यावर जो आणि त्याच्या भावानं तिच्यासाठी काय शोधलं, तर ‘वाट चुकलेल्या’ बायकांना सुधारायला काढलेल्या लाँड्रीतली नोकरी. जॉइस हे ओझरतं सांगतो. वाचणाऱ्यानं मात्र तिथं थांबावं. जो तिला राहायला बोलावतो, पण आपली अडचण होईल असं तिला वाटतं. त्याची बायको फार चांगली वागते, हे येतं कंसात!

सगळी कथा अशा सुरात आहे. मरियावर सगळे खूश, तिला ना अंगठी हवी ना नवरा. समीक्षक मार्गो नॉरिस यांनी नेमकं दाखवलंय की, मरियाला स्वतःबद्दल जे ऐकायला आवडेल तेच निवेदक बोलतो. तरी सत्य फटीतून डोकावतंच. अंगठी नको म्हणून हसताना तिच्या डोळ्यांत निराशा चमकते. लग्नाचा केक हवाय का, असं दुकानातली मुलगी विचारते आणि ती लाजून लाल होते.

मग हॅलोवीनचा बश्यांचा खेळ: डोळे बांधून बशी निवडायची, हाताला लागेल ते भविष्य. अंगठी म्हणजे लग्न, प्रार्थनापुस्तक म्हणजे मठ, माती म्हणजे मरण. एकट्या बाईपुढे तेव्हाच्या डब्लिनच्या समाजानं याहून वेगळं फारसं काही ठेवलेलंच नव्हतं. डोळे बांधलेल्या मरियाच्या बोटांना मऊ, ओलसर काहीतरी लागतं. शांतता, कुजबुज, शेजारच्या मुलीला दटावणी. मग पुन्हा डाव, आणि या वेळी प्रार्थनापुस्तक. माती हे नाव शीर्षकात आहे, कथेत कुणीच उच्चारत नाही. मरियावर दया करायची म्हणून तिच्यापासून तिचंच भविष्य लपवलं जातं.

शेवटी ती संगीतकार बाल्फच्या ‘द बोहेमियन गर्ल’ या ऑपेरातलं गाणं म्हणते. दुसऱ्या कडव्यात मागणी घालणारे तरुण येतात. मरिया ते गाळून पहिलंच कडवं पुन्हा म्हणते. निवेदक याला चूक म्हणतो. मला तो निव्वळ विसर वाटत नाही. ज्या गोष्टीवरून तिची थट्टा झाली, ती भरल्या घरात स्वतःच्या तोंडानं गायला तिचं मन तयार होत नाही. मला हा तिचा नकारच वाटतो.

जोचे डोळे भरून येतात, जुन्या दिवसांसाठी आणि बाल्फसाठी. बाटलीचं बूच काढायचा स्क्रू कुठंय, हे तो बायकोला विचारतो. गाणं संपल्यावर मरियाच्या वाट्याला एकही शब्द येत नाही, आणि तिला काय वाटलं याची चौकशी इतका वेळ तिच्या बाजूनं बोलणारा निवेदकही करत नाही.