डोंगरातला नवखा सोबती

मराठीत डोंगरावर पुष्कळ लिहिले गेले आहे. शिकारीवरचे लेखन त्या मानाने थोडे, पण त्यातले काही फार चांगले आहे. परंतु डोंगरात प्रथमच पाऊल टाकणारा, कुणाच्या तरी पाठीकडे पाहत चालणारा जो माणूस असतो, त्याची बाजू मांडणारे लेखन आम्ही शोधू लागलो तेव्हा हाती फारसे काही लागले नाही. बहुतेक पुस्तके पुढे चालणाऱ्याने लिहिलेली असतात. वाट त्याची, पाणवठे त्याच्या ओळखीचे, आठवणीही त्याच्याच. मागचा माणूस दोनच कामांसाठी पानावर येतो: एक तर तो थकतो, नाही तर समोरचे दृश्य पाहून थक्क होतो. तो काय विचार करीत होता, त्याचे पाऊल कुठे दुखत होते, आणि ते त्याने का सांगितले नाही, याची नोंद सहसा कुणी ठेवत नाही.

हा शोध सुरू होण्याचे निमित्त घरगुती आहे. पावसाळा सरल्यावर आमच्या धर्मग्रामातील बारावीत शिकणारा एक मुलगा मिस्सानंतर मागे थांबला आणि म्हणाला, “फादर, मला एकदा राजमाचीला न्या ना. मी कधीच डोंगर चढलो नाही.” लोणावळ्यात जन्मलेला मुलगा! आम्हांला हसू आले. मग वाटले, आपणही सेमिनरीत असताना असेच कुणाच्या तरी मागून प्रथम गेलो होतो. आम्ही होकार दिला, आणि जाण्याआधी कपाटातली तीन पुस्तके पुन्हा काढली. तिन्ही पुस्तकांत कुणीतरी जाणता माणूस दुसऱ्याला घेऊन रानात किंवा डोंगरात जातो. तिन्हींचा विषय एका अर्थाने पारध हाच आहे, जरी त्यांपैकी एकातच बंदूक आहे.

ते बंदुकीचे पुस्तक म्हणजे जिम कॉर्बेटचे ‘जंगल लोअर’. ते 1953 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा कॉर्बेट सत्तरीच्या पुढे गेला होता. वाघ हे या पुस्तकाचे निमित्त आहे. खरा विषय आहे एक मुलगा रान कसे शिकतो हा. मोठा भाऊ टॉम त्याला अस्वलाच्या शिकारीला नेतो, एका घळीपाशी एकटे बसवतो आणि स्वतः पुढे निघून जातो. त्या पोराला किती भय वाटले ते आपल्याला कळते, पण कळते केव्हा? तो म्हातारा होऊन लिहायला बसला तेव्हा. टॉम वाईट भाऊ नव्हता. पोराला घडवावे हाच त्याचा हेतू होता. तरीही ही प्रेमळ आठवण वाचताना आमच्या मनात राग येतो, तो आवरत नाही.

कॉर्बेटच्याच ‘माय इंडिया’त कुंवरसिंगाची कथा आहे. कुंवरसिंग हा चोरून शिकार करणारा, आणि कॉर्बेटचा पहिला गुरू. तो हरसिंग नावाच्या सोबत्याला घेऊन रानात गेला. वाघाशी गाठ पडली. कुंवरसिंग झाडावर चढला. हरसिंगाला झाडावर चढता येत नव्हते. वाघ मागच्या पायांवर उभा राहिला, त्याने हरसिंगाला बुंध्याशी दाबून धरले आणि तो साल ओरबाडू लागला. वरून कुंवरसिंगाने बंदूक उडवली तेव्हा वाघ पळाला, पण जाता जाता हरसिंगाचे पोट फाडून गेला. कुंवरसिंगाने आतडी पुन्हा आत घालून वर आपली पगडी बांधली आणि त्याला चालवत दवाखान्यात नेले. हरसिंग जगला. एवढे झाल्यावर कुंवरसिंग लहान जिमला तात्पर्य सांगतो, ते असे की रानात शिकार करणाऱ्याला झाडावर चढता आलेच पाहिजे.

ही गोष्ट सांगण्याची शैली अप्रतिम आहे. त्या आतड्यांच्या वर्णनातही कुठे उसना थरार नाही. पण तात्पर्य आम्हांला चुकीचे वाटते. रानात पाऊल ठेवण्यापूर्वी, घराच्या ओट्यावर बसून, “तुला झाडावर चढता येते का?” एवढा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता? दोष सोबत्याच्या हातापायांवर ढकलला गेला आहे, आणि न विचारणारा शहाणा ठरला आहे. कॉर्बेट हे तात्पर्य तसेच ठेवतो, त्यावर एक शब्द बोलत नाही. गुरुभक्तीमुळे असेल. समीक्षकाने मात्र तिथे थांबले पाहिजे, कारण पुढे चालणाऱ्यांच्या साहित्यात हेच तात्पर्य वेगवेगळे वेष घेऊन पुनःपुन्हा येते.

दुसरे पुस्तक आमच्या फार जवळचे: पीटर मॅथिसन यांचे ‘द स्नो लेपर्ड’, 1978 चे. नाव हिमबिबट्याचे असले तरी प्रवास निघाला होता तो डोंगरातल्या मेंढीसाठी. हिमालयातल्या भरलला इंग्रजीत निळी मेंढी म्हणतात, पण ती मेंढी की बकरी, हा प्राणिशास्त्रज्ञांचा जुना वाद. तो सोडवण्यासाठी जॉर्ज शेलर यांना भरलच्या माजाचा काळ, म्हणजे हिवाळ्याचे तोंड, डोळ्यांनी पाहायचा होता. त्यासाठी 1973 च्या सप्टेंबरअखेरीस ते पोखऱ्याहून निघाले आणि बर्फाने खिंडी बंद होण्याआधी नेपाळच्या डोल्पो भागातील शे गोम्पा गाठायच्या खटपटीला लागले. तिथल्या लामाने शिकार मना केलेली, म्हणून तिथली भरल माणसाला फारशी बुजत नव्हती. अखेर शेलर यांचा कौल बकरीच्या बाजूने पडला.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी रानमेंढी पाहिलेली नसणार. आपल्या मावळात ती नाही. साऱ्या सह्याद्रीत नाही. पश्चिम घाटाचा कडेकपारीतला खुरी प्राणी म्हणजे नीलगिरी ताहर, आणि तोही दूर दक्षिणेला. इंग्रजी अमदानीतले लष्करी अधिकारी रजा काढून हिमालयात भरलच्या मागे जात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे ते पर्व संपले. ती शिकार मुख्यतः पायांची आणि फुप्फुसांची असे. मेंढीचे लक्ष खालच्या उताराकडे असते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला पोचावे लागते. ऊन चढले की वारा दरीतून वर वाहू लागतो आणि खालून येणाऱ्याचा वास तिला सांगतो. अशा वेळी नवख्या सोबत्याच्या पायाखालून एक धोंडा सुटला, किंवा दम खायला तो धारेवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभा राहिला, की चार दिवसांची चाल वाया जाते. त्यामुळे नवख्याला बरोबर घेणे हा त्या शिकाऱ्यांच्या दृष्टीने मोठाच त्याग होता, आणि नवख्याला त्याची पुरेपूर जाणीव करून दिली जात असणार. थकलेल्याला ‘मी थकलो’ म्हणायची चोरी होते ती अशाने.

शेलर-मॅथिसन जोडीत हे कसे घडते? मॅथिसन काही पोरसवदा नव्हता. सेहेचाळीस वर्षांचा, जग हिंडलेला लेखक होता. पण त्या उंचीला आणि त्या कामाला तो नवखाच. शिवाय त्याचे कारण वेगळे होते. पत्नी डेबोरा 1972 च्या आरंभी कर्करोगाने वारली होती. तो झेन साधक होता. त्याला भरलपेक्षा हिमबिबट्या पाहायचा होता, आणि बिबट्यापेक्षाही आणखी काही. एक माणूस मेंढ्यांची शिंगे मोजायला निघालेला, दुसरा दुःख घेऊन निघालेला; असे दोघे दोन महिने एका वाटेवर. शेलर त्याला शिष्य करीत नाहीत, की त्याच्या दुःखात हात घालत नाहीत. दोघे बहुधा आपापल्या चालीने चालतात आणि संध्याकाळी तळावर भेटतात. कधी एकमेकांवर चिडतातही. पुस्तकाचे बळ आम्हांला इथे दिसते. नवख्याला त्याच्या चालीने चालू देणे, आणि मुक्कामाला तो पोचला की नाही ते पाहणे, याहून वाटाड्याने अधिक काय करावे? मॅथिसनला हिमबिबट्या दिसला नाही. तो हे लपवत नाही, आणि त्याचा फार मोठा अर्थही काढत बसत नाही.

तरी दोन जागी हे पुस्तक आम्हांला अडते. एक म्हणजे हमाल. बर्फात पायांत धड जोडे नसलेली ती माणसे लेखकाला दिसतात, त्यांच्याबद्दल त्याला वाईट वाटते, पण त्या वाईट वाटण्याचे पुढे काही होत नाही. त्यांच्यातला एकच, तुक्तेन नावाचा, इतरांना नकोसा वाटणारा शेर्पा, पानापानांतून मोठा होत जातो. शेवटी बौद्धनाथला भेटायचे ठरवून तो येत नाही, आणि लेखक वाट पाहत राहतो. आमच्या मते या पुस्तकातला खरा सोबती तोच.

दुसरी जागा अधिक अवघड आहे. आईवेगळा झालेला आठ वर्षांचा मुलगा मॅथिसन घरी ठेवून आला होता. नोव्हेंबरातल्या आभारदिनाच्या सणाला परत येईन, असा त्याचा शब्द होता. तो पाळला गेला नाही. लेखक हे प्रामाणिकपणे लिहितो, पण प्रामाणिकपणे लिहिल्याने त्या मुलाचा सण परत येत नाही. प्रवासवर्णनाच्या गौरवात पाश्चात्त्य समीक्षक ही गोष्ट हळूच ओलांडून जातात. आमच्या वाचकांतल्या आयांना ती ओलांडता येईल असे वाटत नाही.

बायबलमधील तोबिताची कथा इथे आठवल्यावाचून राहत नाही. आंधळा बाप तरुण मुलाला दूर माध्यांच्या देशी पाठवतो, तेव्हा वाटाड्याला आधी त्याचे कूळ विचारतो, वाट ठाऊक आहे का ते विचारतो, दिवसाची एक द्राख्मा मजुरी ठरवतो, मगच निरोप देतो. वाटाड्या प्रत्यक्ष राफाएल देवदूत असूनही त्याची ही उलटतपासणी चुकत नाही!

तिसरे पुस्तक आपल्या मावळच्याच लेखकाचे. गो. नी. दांडेकर परतवाड्याचे, 1916 चा जन्म. पण तळेगाव दाभाडे हे त्यांचे गाव झाले आणि पवन मावळ, राजमाची, तुंग ही त्यांच्या लेखणीची भूमी झाली. ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’ आमच्याकडच्या जुन्या वाचकांना पाठ आहेत. दुर्गांवर त्यांनी किती नवख्यांना नेले असेल त्याची गणतीच नाही. परंतु आमच्या विषयाला जवळची कादंबरी म्हणजे ‘जैत रे जैत’. जब्बार पटेलांच्या चित्रपटामुळे ती घरोघरी पोचली. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांचे नाग्या-चिंधी कोण विसरेल? कर्नाळ्याच्या लिंगोबाच्या सुळक्यावर आग्या मोहोळे आहेत. राणीमाशीने नाग्याचा डोळा घेतला, म्हणून ठाकर नाग्याला तिच्यावर सूड घ्यायचा आहे. ही डोंगरातली पारधच आहे, फक्त सावज डंख मारणारे. चिंधी त्या सुडात त्याची सोबतीण होते. जैत होते, आणि चिंधी जाते.

अनेकांनी या शेवटाकडे प्रेमकथेची परिणती म्हणून पाहिले आहे. आम्हांला तो एका प्रश्नासारखा वाटतो. डोळा गेला तो नाग्याचा, वैर नाग्याचे. चिंधीचे राणीमाशीशी काय वैर होते? ती गेली ती त्याच्यापायी. गोनीदांची भाषा इतकी वाहती, त्या ठाकरवाडीचे ढोल इतके कानांत भरणारे, की वाचकालाही जैत झाल्याचा कैफ चढतो आणि हा हिशेब मागे पडतो. लेखक नाग्यावर इतका लुब्ध आहे की त्याला हा हिशेब विचारावासा वाटत नाही, अशी आमची तक्रार आहे. कादंबरी आवडत असूनही आहे. बुधाच्या कादंबरीत हा पेच येत नाही, कारण माचीवर परतलेला म्हातारा बुधा एकटा आहे. प्राणी, पाखरे आणि झाडे हेच त्याचे गोत. त्याच्या मागून चालणारा कुणी नाही. गोनीदांच्या दोन्ही पुस्तकांत ती अधिक निर्मळ आहे, याचे हेही कारण असू शकेल.

हे सारे नुसते ग्रंथांपुरते असते तर आम्ही इतके ताणले नसते. 2024 च्या जूनअखेरीस भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. दर पावसाळ्यात शिवदुर्ग मित्रची मुले दोर घेऊन कुणाला तरी वर काढायला कड्यात उतरतात. वाट चुकलेल्यांत आणि घसरलेल्यांत अनेकदा कुणीतरी पहिल्यांदाच आलेला असतो, आणि कुणीतरी “चल रे, काही होत नाही” म्हणणारा असतो. हे वाक्य आमच्या डोंगरी साहित्याने फार लाडावले आहे.

धर्मगुरूंतही डोंगरवेडे होऊन गेले. पोप अकरावे पायस तरुणपणी, 1889 साली, माँटे रोझाच्या पूर्व बाजूने चढले. सोबत ग्रासेली नावाचे दुसरे धर्मगुरू आणि दोन वाटाडे होते, आणि शिखराजवळ एका अरुंद कपारीवर थंडीत रात्र काढावी लागली. त्या चढाईची हकिकत त्यांनी लिहिली आहे. सेमिनरीत आम्हांला ती वाचायला मिळाली तेव्हा आम्ही भारावून गेलो होतो. त्याच दिवसांत एका वडीलधाऱ्या फादरांच्या मागून आम्ही तुंगार्लीवरून राजमाचीला निघालो. नवे कोरे बूट. फणसराईच्या अलीकडेच दोन्ही टाचांना फोड आले. फादर वेगाने पुढे, गडाचा इतिहास सांगत. आम्ही “हो फादर, हो फादर” म्हणत मागे. उधेवाडीत पोचल्यावर मोजे काढले तेव्हा ते रक्ताने चिकटले होते. फादर कळवळले आणि म्हणाले, “अरे, सांगायचे नाही का?” त्यांना राग आला होता, आणि तो खराही होता. कुंवरसिंगाचे तात्पर्य ते हेच.

या वेळी निघण्याच्या आठवडाभर आधी आम्ही त्या मुलाला घरी बोलावले आणि पायात काय घालणार ते विचारले. त्याने वाढदिवसाला मिळालेले नवे बूट दाखवले. ते ठेवून जुनेच घाल असे सांगितले. त्याच्या आईने वाट कोणती, पाणी कुठे, परत किती वाजता, असे दहा प्रश्न विचारले, आणि आम्ही दहाही उत्तरे दिली. वाटेत त्याला पुढे घातले, आम्ही मागून चाललो. चाल त्याची होती, आणि ती आमच्यापेक्षा बरीच मंद निघाली. उधेवाडीला पोचायला दुपार झाली. भैरवनाथाच्या देवळापाशी बसून डबा खाल्ला. श्रीवर्धन आणि मनरंजन यांपैकी एकच बालेकिल्ला होईल, कोणता, असे विचारले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला.

“फादर, राग येणार नाही ना?” तो म्हणाला. “मला आता कुठेच चढायचे नाही.”

आम्ही तळ्याकाठी सावलीत तासभर बसलो आणि उजेड आहे तोवर परतीची वाट धरली.