डेमनचं शेवटचं मिनिट

जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स यांचा 'क्रॅश-ओन्ली सॉफ्टवेअर' हा २००३चा छोटा पेपर अजूनही वाचावासा वाटतो, कारण त्याचं म्हणणं बिनधास्त आहे. प्रोग्रॅम थांबवायची रीत एकच, तो पाडणं. सुरू करायचीही एकच, पडझडीतून सावरणं. 'नीट बंद करा' अशी वेगळी वाट ठेवूच नका. रेड हॅट ८ वर त्यांनी मोजलंही होतं: रीतसर रीबूटला १०४ सेकंद, पाडून पुन्हा सुरू केलं तर ७५. मग रीतसरपणाचे लाड कशाला?

मॉनिटरिंग डेमन, म्हणजे मशीनवर मागे बसून सीपीयू-मेमरी-डिस्कचे आकडे टिपत राहणारा प्रोग्रॅम, कधी डीबग केला असेल तर यातलं अर्धं लगेच पटतं. दर १० सेकंदांनी आकडे टिपणारा लूप दिवसाला ८,६४० वेळा फिरतो. बंद होतानाची आवराआवर कधीतरी एकदा चालते, तीही कुणी बघत नसताना. तिथे बग लपून राहणारच.

नेहमीचा नमुना असा. डेमनला सिगटर्म मिळतो, तो लॉगमध्ये 'बंद होतोय' लिहायला जातो आणि तिथेच अडकतो. ती ओळ थेट सिग्नल हँडलरच्या आतून लिहिलेली असते. सिग्नल आला तेव्हा मुख्य प्रोग्रॅम नेमका मॅलॉकच्या आत लॉक धरून असेल, तर हँडलर त्या लॉकची वाट बघतो आणि लॉक सोडणारा हँडलर संपायची. दोघंही तसेच. जीडीबी लावला की स्टॅकमध्ये वर लॉकची वाट, मधे सिग्नल हँडलरची खूण आणि खाली अर्धवट राहिलेला मॅलॉक, असं सगळं स्वच्छ दिसतं. पण तो क्षण पुन्हा घडवून आणताना नाकीनऊ येतात. उपाय जुनाच आहे: हँडलरने फक्त झेंडा वर करायचा किंवा पाइपमध्ये एक बाइट टाकायचा, बाकीचं मुख्य लूपने बघायचं. लिनक्सवर २००७पासून सिग्नलएफडीही आहे.

दुसरा नमुना कंटेनरमधला. थांबायला दर वेळी बरोब्बर १० सेकंद लागतात आणि एक्झिट कोड येतो १३७, म्हणजे १२८ अधिक ९: सिगकिल. इथे बहुतेक वेळा सिग्नल डेमनपर्यंत पोचलेलाच नसतो. कंटेनरची पहिली प्रोसेस शेल असते आणि ती तो पुढे देत नाही. पहिल्या प्रोसेसने हँडलर लावला नसेल, तर कर्नल तिच्यापर्यंत आतला सिगटर्म येऊच देत नाही. प्रॉकमधल्या स्टेटस फाइलीत सिगसीजीटी ही हेक्समधली ओळ बघा: उजवीकडून चौथ्या अंकातला ४चा बिट चालू असेल तरच हँडलर लागलाय. लॉग वाचत बसण्याआधी हे बघावं.

इथवर पेपर जिंकतो. वीज गेली तर सिगटर्म येतच नाही, हेही त्याच्याच बाजूचं.

पण हे दोघं ज्या इंटरनेट सिस्टिम्सबद्दल लिहितात, तिथे जपायची माहिती वेगळ्या स्टोअरमध्ये ठेवलेली असते. मॉनिटरिंगची गोष्ट वेगळी आहे. कलेक्ट-डीचंच घ्या. हजारो आरआरडी फाइलींत दर १० सेकंदांना चिमूटभर लिहिलं तर डिस्क मेटाकुटीला येते, म्हणून त्याचा आरआरडीटूल प्लगइन आकडे मेमरीत साठवून एकदम लिहू शकतो. त्यामुळे ग्राफ मागे रेंगाळतात, हे मॅन्युअलमध्येच कबूल केलंय. असा डेमन पाडला की मेमरीतलं सगळं गेलं. आणि मशीनचं काय बिघडलं हे शोधणाऱ्याला नेमकी तीच मिनिटं हवी असतात! माहिती आधीच बाहेर ठेवा, असं पेपर म्हणेल. त्यासाठी डिस्कला जी किंमत मोजावी लागते, ती या डेमनच्या बाबतीत हिशोबात धरलेली नाही. माझ्या मते पेपरची खरी उणीव ही.

रीतसरवाल्यांचंही घर धड नाही. सिगटर्म म्हणजे नुसता १५ हा आकडा. हातात किती वेळ आहे ते तो सांगत नाही. घर रिकामं करा म्हणायचं आणि तारीख सांगायची नाही, असला घरमालक. डॉकर लिनक्स कंटेनरला सहसा १० सेकंद देतो, कुबरनेटिस ३०, सिस्टमडी बहुतेक ठिकाणी ९०, आणि मग सिगकिल. सिस्टमडीकडे निदान मुदत वाढवून मागता येते. कुबरनेटिसच्या पॉडमध्ये तो आकडा बाहेरच्या स्पेकमध्ये असतो. आतल्या डेमनला तो आपोआप कळत नाही.

त्यामुळे कुठल्याही डेमनची आवराआवर तपासताना मी 'करतो का' यापेक्षा 'कुठल्या क्रमाने करतो' ते आधी बघते. आरआरडी फाइल मागच्या वेळेचा आकडा स्वीकारत नाही, त्यामुळे एकाच फाइलीत ताजं आधी लिहिता येत नाही. पण कुठली फाइल आधी, हे ठरवता येतं: लोड, मेमरी, डिस्क पुढे, प्रिंटरची शाई मागे. आणि बंद करणं ठरलेलंच असेल, तर कलेक्ट-डीला आधी सिगयूजर१ पाठवता येतो, मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवायला. ते उतरेपर्यंत थांबायचं आणि मग सिगटर्म द्यायचा.