काकडीचा बळी आणि आपली वेदी

सेमिनरीत तत्त्वज्ञानाचा अभ्यास करीत असताना आमच्या हाती पडलेल्या काही पुस्तकांत धर्माची एक शिडी मांडलेली असे. तळाच्या पायरीवर झाडाझुडपांत आत्मे पाहणारे आदिम लोक, त्यावर अनेक देवांना भजणारे, त्यावर एकेश्वरवादी आणि काही लेखकांच्या मते सर्वांत वर धर्माची गरजच न उरलेला विज्ञाननिष्ठ माणूस. एडवर्ड टायलर यांच्या १८७१ सालच्या ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ या ग्रंथाने अशा विचाराला मोठे बळ दिले. आपण ख्रिस्ती माणसे आपल्या पायरीवरून खालच्यांकडे दयेने पाहत राहिलो. आपल्याकडेही कोणी वरून तसेच पाहत आहे, हे मात्र आपल्या ध्यानी आले नाही.

ही शिडी खिळखिळी करणाऱ्यांत ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड (१९०२-१९७३) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. अँग्लिकन धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेला हा मानववंशशास्त्रज्ञ १९४४ साली कॅथलिक झाला. १९३०च्या दशकात त्यांनी नाईलकाठच्या दलदलीत, आजच्या दक्षिण सुदानमध्ये, गुरे पाळणाऱ्या नुएर लोकांत राहून अभ्यास केला. त्यांच्यावरील तीन ग्रंथांपैकी शेवटचा ‘नुएर रिलिजन’ १९५६ साली प्रसिद्ध झाला. प्राचीन आणि आदिवासी धर्माची आपल्या धर्माशी तुलना कशी करावी, आणि कशी करू नये, हे ज्याला शिकायचे आहे त्याने हा ग्रंथ अवश्य वाचावा, असे आम्हांला वाटते.

नुएर ज्याला ईश्वर मानतात त्याला ते ‘क्वोथ’ म्हणतात. या शब्दाचे नाते श्वासाशी आणि फुंकरीशी आहे. हिब्रू भाषेत वारा, श्वास आणि आत्मा यांना एकच शब्द आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना येथे थबकावे लागते. क्वोथ आकाशात आहे, परंतु आकाश म्हणजे क्वोथ नव्हे, हा भेद नुएर स्पष्ट करतात. त्याच्यापुढे आपण काळ्या मुंग्यांसारखे आहोत, असे ते म्हणतात.

त्यांच्या उपासनेचा गाभा म्हणजे बळी. बैल पुढे आणला जातो, त्याच्या पाठीवर राख चोळून तो समर्पित केला जातो, हाती भाला घेऊन दीर्घ प्रार्थना होते आणि मग त्याचा वध होतो. प्राण ईश्वराचा, मांस माणसांचे. काही प्रसंगी जमलेल्यांनी एकमेकांविषयी मनात धरलेला राग बळीपूर्वी उघड बोलून टाकावा लागतो. तो लपवून ठेवला तर बळीला अर्थ उरत नाही.

बैल देण्याची ऐपत नसेल किंवा प्रसंग लहान असेल, तर नुएर रानकाकडीचा बळी देतो. तिच्यावरही प्रार्थना म्हटली जाते, तीही भाल्याने कापली जाते, आणि त्या वेळी ती ‘बैल’ असते. जुन्या पंडितांनी यावरून आदिम माणसाची बुद्धी बालिश ठरवली असती. इव्हान्स-प्रिचर्ड शांतपणे दाखवतात की काकडी बैल आहे असे म्हणणारा नुएर, बैल काकडी आहे असे कधीही म्हणत नाही. त्याला फरक पुरता कळतो. ईश्वराच्या संदर्भात एक वस्तू दुसरीच्या जागी उभी राहते, एवढेच त्याला म्हणायचे असते. जुळी मुले ही पाखरे आहेत, या त्यांच्या प्रसिद्ध वचनाचाही उलगडा असाच होतो. पाखरे आकाशाची म्हणून ईश्वराची, आणि विलक्षण जन्माची जुळीही ईश्वराचीच लेकरे.

ग्रंथाचे मोठेपण मान्य करूनही त्यातील उणिवा नोंदवल्या पाहिजेत. बळीविधीची अर्पण, समर्पण, प्रार्थना, वध अशी मांडणी वाचताना आम्हांला आमच्या मिस्साविधीचा क्रम आठवला, आणि तेथेच शंका आली. नुएरांचा धर्म जुन्या करारातील इस्राएल लोकांची आठवण करून देतो, असे लेखक स्वतःच प्रास्ताविकात म्हणतात. मग हा नुएरांचा चेहरा किती आणि लेखकाच्या श्रद्धेचे प्रतिबिंब किती? शिवाय हे संशोधन वसाहतीच्या सरकारच्या सांगण्यावरून झाले होते, आणि त्याच सरकारने थोड्याच वर्षांपूर्वी नुएरांवर लष्करी मोहिमा चालवल्या होत्या. या जखमेची धग ग्रंथात फारशी जाणवत नाही. शॅरन हचिन्सन यांच्या १९९६ सालच्या ‘नुएर डिलेमाज’ या ग्रंथात पैसा, युद्ध आणि राज्यसत्ता यांनी बदललेले नुएर भेटतात. आज त्यांच्यातील पुष्कळ जण ख्रिस्ती आहेत. आदिवासी धर्म म्हणजे काळाने गोठलेली वस्तू नव्हे.

तरीही या ग्रंथाने आम्हांला एक न्याय शिकवला. आपण तुलना करतो तेव्हा त्यांचा आचार आपल्या सिद्धान्ताशेजारी ठेवतो. इकडे संत थॉमस अक्वायनस, तिकडे कोंबड्याचे रक्त! अशा तराजूत आपले पारडे जड होणारच. आचार आचाराशेजारी ठेवून पाहावा. बांधावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेले दोन सख्खे भाऊ एकाच रांगेत ख्रिस्तप्रसाद घेताना आम्ही वेदीवरून पाहिले आहेत. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, ही प्रभूची आज्ञा मत्तयच्या शुभवर्तमानात आपण दरवर्षी ऐकतो. नुएरांनी ते शुभवर्तमान ऐकण्यापूर्वीच मनातला राग बोलून टाकल्यावाचून बळी दिला नाही. येथे आपले पारडे वर जाते, हे प्रांजळपणे मानले पाहिजे.

म्हणून सर्व धर्म सारखेच, असा सोपा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. नुएर मरणानंतरचा विचार फारसा करीत नाहीत; त्यांचे मागणे या जन्मीच्या क्षेमाचे असते. पुनरुत्थानाची आशा ही आपल्याला मिळालेली देणगी आहे, आणि कालवरीवरचे अर्पण एकदाच, सर्वांसाठी झाले, ही आपली श्रद्धा आहे. पण देणगी मिळालेल्याने ऐट मिरवू नये. १९६५ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांतील सत्य आणि पावित्र्य ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे जाहीर केले. ते मान्य करायला आपण आपल्या दारापासून सुरुवात करावी. डोंगराकडील वारली बांधवांच्या लग्नचौकाची नक्कल आपल्या दिवाणखान्यात शोभेसाठी लागते. ती पालघाट देवीची पूजा आहे, तिच्यावाचून त्यांचे लग्न लागत नाही, हे किती घरांना ठाऊक असते? आगेराला नव्या भाताच्या लोंब्या वेदीपाशी आणणाऱ्या आपल्या समाजाला तरी ही भाषा परकी वाटू नये.

पुढच्या राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेताना बैलाच्या पाठीवर राख चोळणारा नुएर आम्हांला आठवेल. ज्याच्याशी अबोला आहे त्याचे दार त्याआधी ठोठावले, तर हा ग्रंथ वाचल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.