संगीत सुखात्मिकेतील वेषांतर : ‘मानापमान’ आणि समकालीन लंडन रंगभूमी

सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीत (१९०१–१९१०) लंडनच्या रंगभूमीवर ‘म्यूझिकल कॉमेडी’ या नाट्यप्रकारास मोठी लोकप्रियता लाभली होती. त्याच काळात मराठी संगीत नाटक आपल्या वैभवाकडे वाटचाल करीत होते. या दोहोंचा एकत्र विचार करावयास ऐतिहासिक आधार आहे. मॉरिस बँडमनच्या फिरत्या मंडळ्या लंडनची ही नाटके कलकत्ता-मुंबईपर्यंत आणीत. बँडमन व जहांगीर फ्रामजी काराका यांनी मुंबईत उभारलेल्या रॉयल ऑपेरा हाऊसचे उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते झाले, आणि त्याच वर्षी किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. यावरून एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असे अनुमान काढण्याचे कारण नाही. तथापि दोन्ही परंपरांनी वेषांतर ही एकच जुनी युक्ती वापरली, आणि तिचा उपयोग करताना दोहोंच्या दृष्टीतील मूलभूत भेद प्रकट झाला.

लंडनच्या परंपरेचा नमुना १८९६ सालच्या ‘द गेशा’ या नाटकाने घालून दिला. जॉर्ज एडवर्ड्‌सच्या डेलीज थिएटरात त्याचे सातशेहून अधिक प्रयोग झाले. संगीत सिडनी जोन्सचे होते. इंग्रज आरमारी अधिकारी फेअरफॅक्स जपानी गायिका मिमोसाच्या सहवासात रमतो. त्याची वाग्दत्त वधू मॉली गेशेचा वेष घेते, आणि त्या वेषातच ती एका जपानी सरदाराच्या हाती लिलावात जाते. येथे खरे संकट कोणते? घेतलेला वेष कायमचा होईल हे! म्हणून मॉलीला मूळ रूप परत मिळणे, तिने फेअरफॅक्सला आणि मिमोसाने आपल्या जपानी प्रियकराला वरणे, हाच येथील सुखान्त होय. प्रत्येक जण आपापल्या वंशात परततो. वेष उतरतो, परंतु वेष घेणारीच्या मनात कोणताही पालट होत नाही.

जपान वसाहत नव्हता. वसाहतीची भूमी १९०४ सालच्या ‘द सिंगाली’ मध्ये येते. माँक्टनप्रभृतींच्या संगीताने नटलेल्या या नाटकाचे स्थळ सिलोनमधील चहाचा मळा आहे. इंग्रज मळेवाला व्हेरेकर आणि मळ्यातील नानोया यांची ही प्रणयकथा असून बालपणी ठरलेला विवाह हा त्यातील अडथळा आहे. सिलोनच्या मळ्यांवर दक्षिण भारतातून नेलेले तमिळ मजूर राबत होते. रंगमंचावर मात्र पाने खुडणे हे समूहनृत्याचे निमित्त होते. हंटली राइटने रंगविलेला वकील चंबुद्दी राम तर अधिकच बोलका आहे. इंग्रजी शिकलेला ‘बाबू’ येथे हास्याचा विषय होतो. ज्या वर्गातून कायदेमंडळातील आणि सभांतील टीकाकार पुढे येत होते, त्याच वर्गाला या सुखात्मिकेने विदूषकाची जागा दिली, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

‘मानापमाना’त संपन्न घरातील भामिनी पराक्रमी परंतु निर्धन धैर्यधराचा अपमान करते, पुढे वनमाला नावाच्या गरीब मुलीच्या वेषात ती त्याला पारखते. धनाचा गर्व आणि भ्याडपणा यांचे एकत्र रूप असलेला लक्ष्मीधर येथे उपहासाचा धनी होतो. वेष घेण्यापूर्वीची भामिनी आणि वेष उतरविणारी भामिनी या दोन भिन्न व्यक्ती आहेत. मॉलीला वेषांतून सुटायचे असते, भामिनीला वेषामुळे दिसू लागते. खाडिलकरांच्या हाती ही युक्ती ज्ञानाचे साधन बनते ती येथे.

या परिणामात पदांचा वाटा मोठा आहे. १८८० च्या ‘शाकुंतला’त अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी यांसारख्या श्रोत्यांच्या परिचयाच्या छंदांना स्थान दिले. आळंदी-पंढरीच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला कथा थांबवून गाणे आणि गाण्याने कथेचा अर्थ उकलणे ही रीत कीर्तनातून अवगत होती. त्यामुळे गोविंदराव टेंबे यांनी ‘मानापमाना’साठी पूरबी ढंगाच्या ठुमरीसारख्या चाली योजल्या, तरी पद हे मनाच्या अवस्थेचे विवरण म्हणून ऐकले गेले.

मराठी नाटक सर्वथा निर्दोष होते असा मात्र याचा अर्थ नव्हे. ‘वन्समोअर’च्या आग्रहापायी प्रसंगाची गती वारंवार खुंटत असे. त्याहून गंभीर आक्षेप वनमालेविषयी आहे. भामिनीचे दारिद्र्य उसने आहे; ते हवे तेव्हा उतरविता येते. खरी वनमाला, म्हणजे जिला परतण्यासाठी वाडा नाही अशी मुलगी, या नाटकात कोठेही नाही. चहामळ्यातील मजुरांप्रमाणे तीही पडद्याआड राहिली, हे साम्य मान्य करणे प्राप्त आहे.

शेवटी राज्यकर्त्यांच्या अनुपस्थितीचा विचार केला पाहिजे. लंडनच्या नाटकात इंग्रज अधिकारी अथवा मळेवाला सर्वत्र वावरतो. ‘मानापमाना’त तो मुळीच नाही. याला पलायन म्हणावे काय? खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले होते आणि १९१० साली सरकारने ते नाटक बंद केले. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याची तलवार टांगलेली असताना लिहिलेल्या सुखात्मिकेने राज्यकर्त्याचे नाव टाळले. परंतु संपत्तीपेक्षा शौर्य श्रेष्ठ आणि अपमानाचे परिमार्जन आवश्यक, ही मूल्ये तिने निर्भयपणे मांडली. त्यांचा अर्थ पुढे उघड झाला. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केले, तेव्हा भामिनी आणि धैर्यधर राष्ट्रकार्यास उभे राहिले. ‘द सिंगाली’ची वसाहत ही रंगविलेल्या पडद्याची वसाहत होती; ‘मानापमाना’त वसाहत दाखविलेली नव्हती, ती प्रेक्षागृहात बसलेली होती.