नकाशातला हिरवा रंग आणि वाशिमचं रान

मंडळी, आज आपण समीक्षेला एक ॲटलस घेतोय. इस्रोच्या अहमदाबाद इथल्या अंतराळ उपयोग केंद्राने 2016 मध्ये भारतातल्या वाळवंटीकरणाचा आणि जमिनीच्या ऱ्हासाचा हा नकाशासंग्रह काढला. 2003-05 आणि 2011-13 या दोन काळांतली उपग्रहचित्रं त्यात ताडून पाहिली आहेत. महाराष्ट्राचं ऱ्हास पावलेलं क्षेत्र 43.38 टक्क्यांवरून 44.93 टक्क्यांवर गेलं, असं तो सांगतो. पुऱ्या देशाला एकच मोजपट्टी लावली, ही त्याची मोठी कामगिरी. ती आपण आधी मान्य करू.

आता हाच नकाशा घेऊन वाशिमला जाऊ. त्याचं प्रमाण आहे एकास पाच लाख. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच किलोमीटर. एक चौरस मिलिमीटरचा ठिपका घेतला तर त्याखाली 25 हेक्टर येतात. मालेगाव तालुक्यातल्या एखाद्या उताराच्या शेताचा धुरा फुटला, माती वाहून गेली, खालचा मुरूम उघडा पडला, तर ते इथे कुठे दिसणार? राज्याचं चित्र म्हणून नकाशा चालेल. गावाने त्याच्यावर आपला आराखडा बांधू नये.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. उपग्रह बघतो ते जमिनीवरचं आवरण. ऑगस्टमध्ये वाशिममध्ये सोयाबीन भरात असतं. खोल काळी असो की बरड, वरून सगळं हिरवंच. खत-पाण्याच्या जोरावर पीक उभं राहतं आणि खालचा कस उतरत जातो. म्हणून एकाच हंगामाचं चित्र पुरत नाही. पेरणीआधीची उघडी जमीनही बघायला हवी, आणि तीही वर्षानुवर्षं.

तिसरा मुद्दा शब्दांचा. आपल्या भागात ई-क्लास जमीन म्हणजे गावाचं चराईचं रान. कारंजा-सोहोळ अभयारण्यातले काळवीट अशाच माळरानावर जगतात. पण सरकारी वर्गवारीत असं गवताळ, खुरटं रान पुष्कळदा 'पडीक' या खात्यात पडतं. आणि जागतिक पातळीवर काय चाललंय? संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी करारात तीन गोष्टी मोजतात: जमिनीचं आवरण, उत्पादकता आणि मातीतला कार्बन. त्यातल्या आवरणाच्या मूळ तक्त्यात गवताळ रान नांगरून शेत केलं तर ती सुधारणा धरली जाते, आणि शेताचं रान झालं तर ऱ्हास! तक्ता बदलायची मुभा देशांना आहे. पण ती वापरायची तर गवताची बाजू मांडणारं कुणीतरी हवं ना?

म्हणजे चराई मोडली, उतारावर वखर फिरला, पहिल्याच जोराच्या पावसात माती ओढ्याला गेली, तरी त्या रकान्यात आपण 'सुधारलो'. गुराढोरांवर पोट असणाऱ्याचं रान मात्र गेलं, आणि त्याची नोंद नाही.

उपग्रह खोटं बोलतो, असं आपण म्हणत नाही. तो दाखवतो तो रंग. त्या रंगाला नाव आपण देतो, आणि नावावरून पुढे निधी ठरतो, काम ठरतं. तेव्हा वाशिमचा पुढचा नकाशा होईल, तेव्हा नाव ठेवण्याआधी ई-क्लासवर गुरं चारणाऱ्याला एकदा विचारावं, हे रान पडीक आहे का? आणि शेतात कुदळभर माती उकरून बघावी. एवढं झालं तर त्या टक्केवारीला काही अर्थ राहील.