सही खरी, पण कशावरची?

२०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनच्या आधारे देण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. दाखला खरा की बनावट हे कोणालाही तपासता यावे, हा त्यामागचा हेतू. मुलांची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातील जागा अशा दाखल्यांवर अवलंबून असते. म्हणून या हेतूचे आम्ही स्वागतच करतो. आमचा आक्षेप आहे तो अशा योजनांची ओळख करून देण्याच्या पद्धतीवर. 'ब्लॉकचेनवर गेले म्हणजे अभेद्य' एवढे सांगून बहुतेक जण थांबतात. सही नेमकी कशावर होते आणि ती कशी लिहून ठेवतात, हा प्रश्न मागे पडतो.

संगणकाला कागद दिसत नाही. त्याला बाइटांची ओळ दिसते. त्या ओळीचा हॅश, म्हणजे ठराविक लांबीचा संक्षेप, काढतात आणि खाजगी किल्लीने सही होते ती या संक्षेपावर. आता 'शेतकऱ्याचा' हा शब्द घ्या. त्यातील 'ऱ्य' युनिकोडमध्ये ऱ, हलन्त, य अशा तीन चिन्हांनी लिहिता येतो. किंवा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह व य अशा चार चिन्हांनी. यूटीएफ-८ पद्धतीत पहिल्यास ९ बाइट लागतात, दुसऱ्यास १२. डोळ्यांना फरक दिसत नाही, हॅश मात्र सर्वस्वी वेगळा. मूळ फाइल जशीच्या तशी राहिली तर अडचण नाही. पण तपासणीसाठी तीच माहिती यवतमाळला नव्याने टंकली, तर एकही अक्षर न चुकता खरा दाखला खोटा ठरू शकेल.

सहीचेही तसेच. इथेरियममधील नेहमीची सही म्हणजे प्रत्येकी ३२ बाइटांत मावणाऱ्या दोन संख्या आणि जोडीला एक बाइट, एकूण ६५. सुमारे २५६ पैकी एका वेळी अशा संख्येचा पहिला बाइट शून्य येतो. आज्ञावलीने तो बिनकामाचा समजून गाळला, की पुढची सारी मांडणी सरकते. शिक्षकांना हे नवे नाही. दिल्लीतील शाळांचा यू-डायस क्रमांक ०७ ने सुरू होतो. तक्त्यात तो संख्या म्हणून भरला की ११ ऐवजी १० अंक उरतात. यवतमाळचे क्रमांक २७१४ ने सुरू होतात, म्हणून आपण बचावतो इतकेच.

बिटकॉइनमध्ये एकच सही थोड्या निराळ्या रूपात लिहिली तरी चाले. त्यामुळे पैसे तेच राहून व्यवहाराचा ओळख-क्रमांक बदलता येई. जुलै २०१५ मध्ये मांडणीचा कडक नियम लागू झाला आणि २०१७ मध्ये नव्या पद्धतीच्या व्यवहारांत सही त्या क्रमांकाच्या हिशोबातून वगळण्यात आली. किल्ली कोणी फोडली नव्हती. लिहिण्याची शिस्त अपुरी होती.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मूळ नोंदच चुकीची असेल, तर सही त्या चुकीचीही तितक्याच निष्ठेने राखण करते. म्हणून अशा प्रत्येक योजनेने मांडणीचे नियम आणि चूक दुरुस्त करण्याची रीत सोप्या मराठीत प्रसिद्ध करावी. वर्गात 'ऱ्य' दोन्ही रीतींनी टंकून त्यांचे हॅश शेजारी मांडावेत. सही तपासणे आणि दाखल्यावर विश्वास ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना तेवढ्यानेही कळेल.